चांगुणाबायचा माल शिळा नव्हता

चांगुणाबाय माल नाकाने तपासायची आणि धुलाई बोटांनी. कोळंबीच्या सालांचे क्रेट टेम्पोतून उतरले की ती बाही वर सारून हात कोपरापर्यंत आत खुपसायची, तळाची मूठभर सालं वर काढायची आणि नाकाशी धरायची. वरच्या सालांकडे ती ढुंकूनही बघत नसे. म्हणायची, "वरचा माल नवरीसारका नटवलेला असतो साहेब. खरा काय ते तलाची सासू सांगते."

धुलाईचंही तसंच. सालांवर आम्ल आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया झाली की ती पाण्याने धुवायची असतात. शेवटच्या टबापाशी ती उजव्या हाताचा रबरी मोजा काढायची, एक साल उचलून अंगठा आणि तर्जनीमध्ये चुरडायची आणि डोळे मिटून चोळत राहायची. कॉस्टिक उरलेलं असलं की बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. मग ती म्हणायची, "बुलबुलतंय अजून." नसलं तर नुसतं, "झाला." नंतर शेजारी ठेवलेल्या तांब्यात बोटं बुडवायची. त्यात आमसुलाचं पाणी असायचं. कॉस्टिकचा उतारा आंबट पाणी, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी निकम. वय शहात्तर, राहणार डोंबिवली, निवृत्त केमिस्ट. वीस-बावीस वर्षांपूर्वी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात मी उत्पादन सांभाळत होतो. तिथे मी एका कागदावर चांगुणाबायविषयी एक वाक्य लिहिलं. ते खोटं होतं. ते दुरुस्त करायचं म्हणून हे लिहितो आहे. पण दुरुस्तीच्या आधी ती कोण होती हे सांगायला हवं, कारण ज्यांनी तो कागद वाचला त्यांतल्या कुणीही तिला पाहिलेलं नव्हतं.

आमच्या कारखान्यात कोळंबीच्या सालांपासून कायटोसान नावाची भुकटी बनत असे. सालांतला चुना आम्लाने काढायचा, मांसाचे अंश कॉस्टिकने काढायचे, मग पुन्हा तीव्र कॉस्टिकमध्ये उकळायचं, भरपूर धुवायचं, वाळवायचं आणि दळायचं. ही भुकटी आम्ही दुसऱ्या एका कंपनीला देत होतो. ती कंपनी त्यापासून जखमेवर लावायच्या पट्ट्या बनवायची. मधुमेहाच्या माणसाच्या पायाला पडलेली क्षतं, अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीवरच्या जखमा, भाजल्याच्या जखमा, अशा सहजी न भरणाऱ्या जखमांसाठी. या पट्टीने रक्त लवकर थांबतं, ती ओल शोषून घेते आणि काढताना नवी कातडी ओरबाडून निघत नाही. आज हे सगळं नेहमीचं झालं आहे. तेव्हा आमच्या शेजारच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यातले लोक नाकाला रुमाल लावून विचारायचे, "तुम्ही औषध बनवता की खत?"

मी मूळचा साताऱ्याकडचा. मटण खाणारा, पण मासळीशी संबंध नाही. कोळंबी आणि तिच्याहून बारीक करंदी यांतला फरकही मला कळत नव्हता. पहिले सहा महिने आम्ही एका ठेकेदाराकडून सालं घेतली आणि भुकटी कायम पिवळट निघाली. एके दिवशी गेटवर गलका झाला म्हणून बाहेर आलो. पन्नाशीची एक कोळीण ठेकेदाराचा क्रेट फरशीवर उपडा करून त्याच्यासमोर उभी होती.

"यो कोनी घेतला?" तिने विचारलं.

"मी घेतला," मी म्हणालो.

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "गाव कंचा तुमचा?"

"सातारा."

"तरीच. घाटावरच्याला समिंदर आन् गटार सारकाच." मग पायाने सालं पसरवत म्हणाली, "या बगा करंदीची. या काल सकालच्या. आन् या तर आमच्या वाड्यातल्याच, परवा आमी खाडीत टाकलेल्या. यानं गोला करून तुमाला इकल्या. आमचा कचरा आमाला न इचारता इकतो मेला."

तीच चांगुणाबाय. ती कोपरीच्या कोळीवाड्यात राहायची. नवऱ्याची होडी होती, पण खाडीत मासळी उरली नव्हती, म्हणून वाड्यातल्या बायका धक्क्यावरून कोळंबी आणून सोलायच्या आणि सोललेला माल हॉटेलांना, केटररना द्यायच्या. सालं फेकून द्यायच्या. ती सालं आता ती आम्हाला देणार होती, पण स्वतःच्या अटींवर. अकरा घरांची सालं, सकाळी सोललेली, बर्फात घालून दहाच्या आत कारखान्यात. आणि माल आल्यावर धुलाईला ती स्वतः थांबणार. आमच्या मालकांनी, ज्यांना सगळे शेठ म्हणत, तिला विचारलं, "धुलाई तुम्ही कशाला? आमच्याकडे बायका आहेत."

"शेठ, मासली इकतंय तवा मी कापून, साफ करून देतंय. गिऱ्हाईकाच्या हातात टोपली देऊन घरी नाय जात," ती म्हणाली. शेठ हसले आणि तिला कामावर घेतलं. आठवडाभरात भुकटी पांढरी निघायला लागली.

कारखान्यात ती आली तेव्हा त्या औषध वगैरे प्रकरणावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. कोळंबीचं शिंग बोटात घुसलं की बोट पिकतं हे तिला ठाऊक होतं. तिच्या दोन्ही हातांवर त्याचे वण होते. "जी टोचते ती बरी कशी करंल?" असं ती विचारायची. त्यांच्याकडे चिघळलेल्या जखमेवर शिंपल्या भाजून त्यांची राख खोबरेल तेलात कालवून लावत. ते जास्त खरं, असं तिचं मत. मी तिला कायटोसानचे रेणू समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुमी पन राखच लावता. फकस्त भाजत नाय, उकलता."

तिचं मत बदललं ते तिच्या भावामुळे. त्याला साखरेचा आजार होता आणि नडगीवर रुपयाएवढी जखम वर्षभर वाहत होती. डॉक्टर पाय कापायची भाषा करायला लागले होते. तिने मला काही मागितलं नाही, पण मला दुसऱ्या कुणाकडून कळलं. पट्ट्यांच्या कंपनीकडून आमच्याकडे नमुने येत. त्यातलं एक पाकीट तिला दिलं आणि बजावलं, डॉक्टरांना दाखवून त्यांनाच लावू दे. तिने तसंच केलं. अडीच-तीन महिन्यांत जखम कडेने आत सरकत सरकत बुजली. त्या दिवशी ती भावाला घेऊन कारखान्यात आली, सगळ्या बायकांसमोर त्याचं धोतर वर करायला लावून नडगी दाखवली आणि म्हणाली, "मेल्यावं पन कोलंबी कामाला येते. आपलं काय गं?"

त्यानंतर ती धुलाईच्या बाबतीत फार कडक झाली. भुकटी शेवटी कुणाच्या तरी उघड्या मांसावर पडणार, हे तिने आता डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या बायका कंटाळून हात आखडता घ्यायला लागल्या की ती ओरडायची, "भावाची नडगी हाय समजून धू!" आमच्या धुलाईचा नियम मीच ठरवून कागदावर टाइप करून भिंतीवर लावला होता. आठ पाणी, आणि आठव्या पाण्यात सालं तासभर ठेवून मगच पाण्यात तपासणीचा कागद बुडवायचा. तासभर यासाठी, की कॉस्टिक सालाच्या पोटात दडून बसतं आणि सावकाश बाहेर येतं. वरचं पाणी लगेच तपासलं तर ते स्वच्छच दिसतं. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद माझ्याकडून एकदा वाचून घेतला होता आणि तेवढ्यात तो तिला पाठ झाला होता.

माझा कागद आणि तिची बोटं, अशा आमच्या दोन प्रयोगशाळा होत्या. चार वर्षं दोन्हींचा निकाल सहसा एकच येत होता. कधी फरक पडला तर मी कागद पुन्हा बुडवायचो आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं. "कागद पानी बगतो, साहेब," ती म्हणायची, "मी साल बगतंय." हे वाक्य मी पुढे एका परिसंवादात माझं म्हणून वापरलं होतं. लोकांना आवडलं होतं.

आता त्या दिवसाविषयी.

पावसाळ्याचा शेवट होता. मोठी जलवाहिनी फुटल्यामुळे इस्टेटला दोन दिवस पाणी नव्हतं. टँकर मागवला, तो अर्धाच भरून आला. पट्ट्यांच्या कंपनीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती आणि माल अजून टबात होता. पाच पाणी झाली होती. टाकीत आणखी एका पाण्यापुरतं पाणी होतं. ते मी टबात सोडायला लावलं, लगेच कागद बुडवला आणि म्हणालो, "पीएच सात आला, कॉस्टिक नाही. भरा ट्रे."

चांगुणाबायने मोजा काढून साल चोळलं. "बुलबुलतंय," ती म्हणाली.

"कागद ठीक सांगतोय."

"तास झाला काय?" तिने भिंतीकडे बोट केलं. "तिथं आठ पानी लिवलंय, तास लिवलाय. तुमीच लिवलंय."

"चांगुणाबाई, इथे केमिस्ट कोण आहे?"

धुलाईवरच्या सगळ्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या. मला तेच बोचलं. चार वर्षांत मी तिला असं कधी बोललो नव्हतो. तिने तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवली, पदराला पुसली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. "मी नाय भरनार. तुमचा कागद, तुमचा हात."

बाकीच्या बायकांनी खाली मान घालून ट्रे भरले. माल वाळला, दळला, सकाळी गाडीत चढला. माझ्याकडे चूक कळायला पुरेसं शिक्षण होतं. उद्या सकाळी गाडीवाल्याला थांबवावं लागेल, शेठ ओरडतील, एवढ्याच त्रासातून मी सुटू पाहत होतो. एका दिवसाचा उशीर. दुसरं काहीही नव्हतं.

महिन्याभरात तक्रार आली. त्या मालाच्या पट्ट्या ज्यांना लावल्या त्यांतल्या काही रुग्णांच्या जखमेभोवतीची कातडी लाल होऊन सोलली होती. भरत आलेल्या जखमा पुन्हा उघडल्या होत्या. कुणी दगावलं नाही, पण ज्यांना आधीच वेदना होत्या त्यांच्या वेदनांत मी भर घातली. त्या माणसांची नावं मला कधी कळली नाहीत. माल परत आला. मी तो तपासला, कॉस्टिक उरलेलंच होतं. कंपनीने लेखी खुलासा मागितला.

इतकी वर्षं मी बायकोला, मुलीला, एक-दोन मित्रांना सांगत आलो की शेठनी माझ्याकडून तसं लिहून घेतलं. ते खरं नाही. शेठनी मला केबिनमध्ये बोलावून फक्त विचारलं, "निकम, कशामुळे झालं?" मी सांगितलं असतं तर ते रागावले असते, कदाचित मला काढलंही असतं. डोंबिवलीतलं घर नवीन होतं, मुलगी बारावीला होती. मी म्हणालो, "सर, कच्च्या मालाचा प्रश्न वाटतो." शेठ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना पटलं की नाही, कोण जाणे. "मग तसं लिहा," ते म्हणाले.

मी लिहिलं. "कच्चा माल शिळा असल्याने सालांमध्ये कुजलेल्या मांसाचे अंश राहिले, ते काढण्यासाठी जादा कॉस्टिक वापरावे लागले व त्याचा काही भाग धुलाईत निघू शकला नाही. सदर पुरवठादाराकडून माल घेणे बंद करण्यात आले आहे." वाक्य शास्त्रीय दिसत होतं. खाली माझी सही होती. कंपनीला ते पटलं आणि आमचं काम चालू राहिलं.

कोळणीला काहीही बोलावं, ती दुप्पट परत करते. चांगुणाबायला लोक भांडखोर म्हणायचे, महाग म्हणायचे, ती हसायची. पण माल शिळा हा शब्द तिथे शिवीपेक्षा वाईट. चोरी केली म्हटलं तर लोक पुरावा मागतात. शिळा म्हटलं की पुरावा कुणी मागत नाही, फक्त दुसऱ्या टोपलीकडे वळतात. मला हे तेव्हा पुरतं कळत नव्हतं, असं मी म्हणू शकतो. पण चार वर्षं मी तिच्यासोबत काढली होती.

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात टेम्पो गेला तो रिकामाच परत फिरला. ड्रायव्हरने अकरा घरांना एकदमच सांगितलं, "शिळा माल दिला तुम्ही. कंपनीने बंद केलं." वाड्यात भांडण पेटलं. शिळी सालं कुणाची? चांगुणाबाय सांगत होती की कुणाचीच नाही, धुलाई कमी पडली. पण कारखान्याचा लेखी खुलासा होता आणि ही एक बाई होती. तिची धाकटी जाऊ यमुनाबाय शेजारीच राहायची. तिला वाटलं, चांगुणा सगळ्यांना सांभाळायच्या नावाखाली खरं तर आपल्याचकडे बोट दाखवते आहे, कारण त्या आठवड्यात यमुनाबायच्या घरी आजारपण होतं आणि तिची सालं थोडी उशिरा निघाली होती. दोघींचं बोलणं थांबलं. हॉटेलवाल्यांच्या कानावर गोष्ट गेली आणि सोललेली कोळंबीही ते दुसरीकडून घ्यायला लागले.

त्यानंतर चारेक दिवसांनी ती कारखान्याच्या गेटवर आली. तिला आत सोडायचं नाही असा हुकूम होता. मी बाहेर गेलो.

"साहेब, कामाचा नाय इचारत," ती म्हणाली. "एकच सांगा. तुमी व्हतात. माल शिला व्हता काय?"

"रिपोर्टमध्ये तसं आलंय."

"रिपोर्टला नाय इचारत. तुमाला इचारतंय."

मी घड्याळात पाहिलं. मला घड्याळात बघायचं काहीही कारण नव्हतं. "मला बॉयलर बघायचाय," असं म्हणून मी आत गेलो. ती किती वेळ उभी होती ते मी वळून पाहिलं नाही.

तिने पुढे ताजी मासळी विकायची सोडली आणि सुकी विकायला लागली. बोंबील, सोडे, जवळा. कुणीतरी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "सुक्याला कोन शिला बोलनार?" हे मला त्याच टेम्पोच्या ड्रायव्हरने हसत हसत सांगितलं. मीही थोडा हसलो होतो. कारखाना नंतर सात-आठ वर्षांनी बंद पडला, शेठ वारले, मी निवृत्त झालो. ठाण्याला जाणं व्हायचं, पण मी स्टेशनच्या पश्चिमेलाच उतरायचो. कोपरी पूर्वेला आहे.

गेल्या वर्षी माझ्या घोट्यावर जखम झाली. मलाही साखर आहे. कल्याणच्या डॉक्टरांनी पट्टी लिहून दिली आणि समजावून सांगितलं, "आजोबा, ही कोळंबीच्या सालांपासून बनवतात. तुम्ही शाकाहारी नाही ना?" सिस्टरने पाकीट फोडून पट्टी लावली. जखम महिन्याभरात भरली. त्या पट्टीतली सालं कुणी धुतली होती हे मला माहीत नव्हतं, पण नीट धुतली होती. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. एका गुरुवारी उठून कोपरीला गेलो.

कोळीवाड्याच्या चारी बाजूंनी इमारती उठल्या आहेत, पण घरं सापडली. चांगुणाबाय ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. खूप बारीक झाली होती, एका डोळ्याला दिसत नव्हतं. मी नाव सांगितलं.

"निकमसाहेब? घाटावरचे?" ती म्हणाली. "बसा. पाय कशाला लंगडवतंय?"

मी जखमेचं सांगितलं आणि मग लगेच, पाणीही न घेता, बाकीचं सांगून टाकलं. पाच पाण्यांनंतरचं ते अर्धवट सहावं पाणी, न थांबलेला तास, शेठना मी स्वतःहून दिलेलं उत्तर. मला वाटलं होतं ती चिडेल किंवा रडेल. ती ऐकत होती आणि मधूनच ओट्यावर येणाऱ्या कोंबडीला हाकलत होती.

माझं संपल्यावर म्हणाली, "मना क्याला सांगतंस? मना तर ठाव व्हताच." पहिल्यांदाच तिने मला अरेतुरे केलं. "माजी बोटा तवाच बोलली व्हती. ज्यांना ठाव नाय त्यांना सांग." तिने शेजारच्या दाराकडे हनुवटी उडवली. "ती यमुना. वीस वर्सा माज्या घरचा हलदीकुंकू घेत नाय. तिला वाटतंय मी तिचा नाव घेतला. मी कोनाचाच नाव घेतला नाय. घ्याला नावच नव्हता."

"चला, आत्ताच सांगतो त्यांना," मी म्हणालो.

"बोलून नको. बोललेला वाऱ्यावं जातंय. तवा लिवला व्हतास ना? मंग आता पन लिव. सही कर. आन् हितं येऊन वाच सगल्यांसमोर."

मी म्हणालो, रविवारी लिहून आणतो. चहा घेतला. निघताना तिने कागदात बांधून सोडे दिले. मी नको म्हणालो तर म्हणाली, "घे. शिले नायत."

तो रविवार आला आणि गेला. मी लिहायला बसायचो आणि पहिल्या ओळीत अडकायचो. मुलगी म्हणाली, "बाबा, आता या वयात कशाला? कंपनी नाही, शेठ नाहीत, कुणाला पडलंय?" मग गुडघा दुखायला लागला. मग पाऊस होता. ही सगळी कारणं खरी होती. पूर्वीचीही सगळी कारणं खरीच होती. असे तीन महिने गेले. एकदाचं एक पान लिहून झालं तेव्हा मी कोपरीला गेलो. ओट्यावर खुर्ची नव्हती. शेजारच्या दारात एक म्हातारी कोळंबी सोलत बसली होती. मी विचारलं.

"चांगुणा ना? पंधरवडा झाला," ती म्हणाली. "तुमी कोन?"

ती यमुनाबाय होती. मी तिथेच ओट्याच्या कडेवर बसलो. तिने पाणी दिलं. काय करावं ते न सुचून मी खिशातला कागद काढला आणि तिला सांगितलं की हा चांगुणाबायने लिहायला सांगितला होता, सगळ्यांसमोर वाचायचा होता, मला उशीर झाला.

"मना वाचाला येत नाय. तुमीच वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. त्या दिवशीचा माल ताजा होता. सकाळी सोललेला, बर्फात आणलेला. धुलाई कमी झाली ती माझ्या घाईमुळे. चांगुणाबायने मला त्याच वेळी सावध केलं होतं. मी खोटा खुलासा लिहिला. सही, निकम.

यमुनाबायचे हात थांबले होते. मग तिने मला एक शिवी दिली, कोळीवाड्यातली, अस्सल. मी मान हलवली. तिने पदराने नाक पुसलं आणि समोरच्या घरांकडे तोंड करून मोठ्यांदा हाक मारली. तीन-चार दारांतून बायका बाहेर आल्या, कुणाच्या हाताला कोळंबीचं पाणी, कुणाच्या हातात मोबाइल. काही सुना होत्या, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "या बाबाला परत वाचाला सांगतंय, ऐका," यमुनाबाय म्हणाली. मी परत वाचलं. एका सुनेने सासूला विचारलं, "म्हणजे आपली सालं पन व्हती त्यात?" सासू म्हणाली, "मंग!"

"यो कागद अर्धा हाय," यमुनाबाय म्हणाली.

"काय राहिलं?"

"शिला माल एकट्या चांगुणाचा नाय बोललात तुमी. अकरा घरांचा बोललात. तिचा एकटीचाच नाव क्याला? माजी सालं व्हती. पारूची व्हती. सगल्यांचा लिवा."

मी पेन काढलं. कागदाच्या खाली जागा कमी होती म्हणून पाठीमागची कोरी बाजू घेतली. वाटलं, ती आता स्वतःचं नाव सांगेल.

"आदी मेलेल्यांचा लिवा," ती म्हणाली. "आमी हाव अजून, आमचा मागून लिवलात तरी चालंल."

त्या अकरांपैकी सहाजणी गेल्या होत्या. यमुनाबाय एकेक नाव सांगत होती, बापाचं, नवऱ्याचं, सगळं पूर्ण, आणि जुन्या बायका मधेच दुरुस्त करत होत्या. मी लिहीत होतो. चौथ्या नावाला ती थांबली, पाटीतली कोळंबी बाजूला सारली आणि म्हणाली, "नीट लिवा. अक्षर लागलं पायजे. पोरी वाचतील."